ब्रूजचा घंटामनोरा : ३६६ पायऱ्या आणि एका नगराचे हक्क

युरोपातील जुन्या नगरांच्या क्षितिजावर दोन प्रकारच्या उंच वास्तू हमखास दिसतात. एक चर्चचा मनोरा आणि दुसरी राजाची किंवा सरदाराची गढी. पहिली धर्मसत्तेची खूण, दुसरी राजसत्तेची. फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या उत्तर भागात, या दोहोंच्या जोडीला आणखी एक मनोरा आढळतो. तो नगराने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या कामासाठी, भर बाजारपेठेत उभारलेला असतो. त्याला तेथील भाषेत 'बेलफोर्ट' असे म्हणतात. नगराच्या घंटा टांगण्याची जागा आणि नगराची कागदपत्रे सांभाळण्याची जागा, अशी दोन्ही कामे हा मनोरा करीत असे.

ब्रूज या नगराचा बेलफोर्ट हा या घराण्यातील सर्वांत प्रसिद्ध मनोऱ्यांपैकी एक. उंची ८३ मीटर, पायऱ्या ३६६. दरवर्षी जगभरातून आलेले पर्यटक धापा टाकीत वर चढतात, माथ्यावरून लाल कौलांच्या नगराची छायाचित्रे घेतात आणि उतरतात. माथ्यावरचे दृश्य सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु या मनोऱ्याचे महत्त्व वाटेतल्या खोल्यांमध्ये अधिक आहे. त्या खोल्यांत काय ठेवले जात होते आणि कशासाठी, हे ठाऊक असेल तर पायऱ्यांचे श्रम सार्थकी लागतात.

लोकरीने उभारलेला मनोरा

ब्रूजच्या वैभवाचे मूळ समुद्रात आहे. ११३४ साली झालेल्या मोठ्या वादळाने उत्तर समुद्राचे पाणी जमिनीत घुसले आणि 'झ्विन' नावाची खाडी नगराच्या दिशेने खुली झाली. या जलमार्गाने इंग्लंडची लोकर येऊ लागली. त्या लोकरीचे उंची कापड फ्लँडर्समध्ये विणले जाई आणि ते युरोपभर विकले जाई. १२७७ साली इटलीतील जेनोआचे व्यापारी जहाजांनिशी थेट ब्रूजच्या दाराशी येऊन पोहोचले. भूमध्य समुद्राचा व्यापार आणि उत्तरेचा व्यापार यांची गाठ या नगरात पडली. 'व्हान डेर बर्झ' या ब्रूजमधील कुटुंबाच्या पांथशाळेपाशी परदेशी व्यापारी जमत. युरोपातील अनेक भाषांत शेअर बाजारासाठी वापरला जाणारा 'बोर्स' हा शब्द त्या कुटुंबाच्या नावावरून आला, असे मानले जाते.

अशा भरभराटीच्या काळात, १२४० च्या सुमारास, 'मार्क्ट' या मुख्य चौकाच्या दक्षिण बाजूस कापडाच्या व्यापारासाठी मोठी दालने बांधण्यात आली आणि त्यांच्यावर मनोरा उभा राहिला. तेव्हा या चौकाच्या पूर्वेकडे कालव्यावरच छप्पर घातलेले एक प्रचंड गोदाम होते. बोटी थेट छपराखाली येत आणि तेथेच माल उतरवीत. हे गोदाम १७८७ मध्ये पाडण्यात आले. आज चौकात उभे राहणाऱ्या माणसाला येथे एके काळी बंदर होते, हे सांगूनही खरे वाटत नाही.

'बेलफोर्ट' या शब्दात 'बेल' आहे आणि मनोऱ्यातही घंटा आहेत, त्यामुळे दोहोंचा संबंध असावा असे कोणालाही वाटेल. भाषेचे अभ्यासक मात्र वेगळे सांगतात. या शब्दाचे मूळ जुन्या जर्मानिक भाषेतील असून त्याचा अर्थ संरक्षक बुरूज असा होतो. वेढा घालताना वापरल्या जाणाऱ्या लाकडी मनोऱ्यालाही हाच शब्द होता. घंटांशी त्याचे नाते नंतर जुळले. संरक्षण हा अर्थ ब्रूजच्या मनोऱ्याला नेमका लागू पडतो.

सनदांची खोली

जिन्याचा पहिला टप्पा चढून गेल्यावर जाड भिंतींची एक खोली लागते. तिला भक्कम लोखंडी जाळ्या आणि दारे आहेत. हा नगराचा खजिना. मध्ययुगात नगराची मोहर, नगराचा पैसा आणि त्याहूनही मोलाच्या अशा सनदा येथे पेट्यांमध्ये बंद असत. अशा पेट्यांना एकाहून अधिक कुलुपे घालायची आणि किल्ल्या निरनिराळ्या जबाबदार व्यक्तींकडे ठेवायच्या, अशी फ्लेमिश नगरांची रीत होती. कोणा एकाला एकट्याने पेटी उघडता येऊ नये, हा त्यामागील हेतू.

कागदांचे इतके मोल का, हे समजण्यासाठी त्या काळची व्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. फ्लँडर्सचा सत्ताधीश काउंट होता आणि तो फ्रान्सच्या राजाचा मांडलिक होता. नगरे काउंटला कर देत. त्या बदल्यात काउंट त्यांना सनदा देई. नगराने आपले न्यायाधीश स्वतः निवडावेत, बाजार भरवावा, जकात किती आणि कोणाकडून घ्यावी, नगरवासीयाला कोणत्या न्यायालयासमोर उभे करावे, हे सारे या सनदांमध्ये लिहिलेले असे. आजच्या राज्यघटनेप्रमाणे हे हक्क सर्वांचे नव्हते. एका विशिष्ट नगराने, विशिष्ट सत्ताधीशाकडून, विशिष्ट प्रसंगी मिळविलेले ते हक्क होते. मूळ सनद आणि तिच्यावरील लाखेची मोहर हाच त्यांचा पुरावा. पुरावा नाही, तर हक्क नाही.

१२८० ची आग

ऑगस्ट १२८० मध्ये मनोऱ्याला आग लागली. तेव्हा वरच्या भागात लाकूड बरेच वापरलेले होते. आगीत मनोऱ्याचा मोठा भाग भस्मसात झाला आणि त्याबरोबर आत जपून ठेवलेल्या सनदाही जळून गेल्या.

नगराने काउंट गी द दांपियेर याच्याकडे जुने हक्क पुन्हा लिहून देण्याची मागणी केली. वर्षानुवर्षे चालत आलेले, सर्वांना ठाऊक असलेले हे हक्क होते. परंतु मनोऱ्यात पुरावा उरलेला नव्हता आणि काउंटला नगराची वाढती सत्ता फारशी रुचत नव्हतीच. त्याने जुन्या सनदांना मान्यता देण्याचे टाळले. नगरात उठाव झाला. कारागीर आणि सामान्य नगरवासी रस्त्यावर उतरले. काउंटने हा उठाव मोडून काढला, पुढाऱ्यांना देहदंड दिला आणि १२८१ मध्ये नवी सनद दिली. तिच्यात नगराचे हक्क पूर्वीपेक्षा बरेच आखडते घेतलेले होते. एका रात्रीच्या आगीने ब्रूजला जे गमवावे लागले, ते परत मिळविण्यासाठी पुढे दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला.

त्या दोन दशकांत परिस्थिती पालटली. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप आणि काउंट यांच्यात वैर निर्माण झाले आणि फ्रेंच सैन्याने फ्लँडर्स व्यापले. १८ मे १३०२ च्या पहाटे ब्रूजच्या लोकांनी नगरात मुक्कामाला असलेल्या फ्रेंच शिबंदीची कत्तल केली. हा रक्तपात इतिहासात 'ब्रूजची प्रभातप्रार्थना' या विलक्षण नावाने ओळखला जातो. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ११ जुलै १३०२ रोजी, कोर्ट्राइकजवळच्या लढाईत विणकर, खाटीक आणि इतर कारागिरांच्या पायदळाने फ्रान्सच्या घोडेस्वार सरदारांचा पराभव केला. युरोपातील सर्वांत मानाच्या घोडदळाला पायी लढणाऱ्या सामान्य माणसांनी हरविले, ही त्या काळी अघटित घटना होती. ११ जुलै हा आजही फ्लँडर्सचा अधिकृत दिन आहे.

यानंतर १३०४ मध्ये ब्रूजला नवी सनद मिळाली. तिने नगराचे हक्क परत केले आणि कारागिरांच्या संघांना, म्हणजे गिल्डांना, नगराच्या कारभारात वाटा दिला. मार्क्ट चौकाच्या मध्यभागी आज दोन पुरुषांचा एकत्र पुतळा दिसतो. त्यांपैकी पीटर द कोनिंक हा विणकर होता आणि यान ब्रेडेल हा खाटीक. १३०२ च्या उठावाचे हे दोन नायक. १८८७ मध्ये बसविलेल्या या पुतळ्यामागे बेलफोर्ट उभा आहे. पुतळा आणि मनोरा हे एकाच कथेचे दोन भाग आहेत.

आगीनंतर नगराच्या कारभाऱ्यांनी आपली कचेरी जवळच्या 'बुर्ख' चौकात हलविली. १३७६ मध्ये तेथे नव्या नगरभवनाचे बांधकाम सुरू झाले. मात्र सनदा ठेवण्यासाठी मनोऱ्याचीच खोली कायम राहिली. तिला पूर्वीहून अधिक भक्कम करण्यात आले. आज दिसणाऱ्या लोखंडी जाळ्यांचे कारण हे आहे.

घंटा कोणाची, वेळ कोणाची

मनोऱ्याच्या खालच्या भागात नगराचे कागद होते, तर वरच्या भागात नगराचा आवाज होता. मध्ययुगातील माणसाचा दिवस घंटेवर चाले. चर्चच्या घंटा प्रार्थनेच्या वेळा सांगत. नगराच्या घंटा मात्र वेगळ्या गोष्टी सांगत. वेशीचे दरवाजे कधी उघडणार आणि कधी बंद होणार, बाजार कधी सुरू होणार, आग कोठे लागली, शत्रू आला काय, कारभाऱ्यांनी लोकांना कशासाठी बोलाविले, हे घंटेच्या नादावरून ओळखावे लागे. प्रत्येक घंटेचा नाद वेगळा आणि प्रत्येक नादाचा अर्थ वेगळा. दालनांच्या दर्शनी भागातील सज्जातून नगराचे नवे कायदे आणि हुकूम वाचून दाखविले जात. घंटा वाजली की लोक खाली चौकात जमत.

यातच कामाची घंटा होती. विणकरांनी मागावर कधी बसावे, जेवायला कधी उठावे आणि काम कधी थांबवावे, हे ती ठरवी. सूर्योदय आणि सूर्यास्त यांवर चालणारा कामाचा दिवस कापडाच्या नगरांत प्रथम घंटेवर चालू लागला. साहजिकच घंटा कोणाच्या हुकुमाने वाजणार, हा वादाचा विषय झाला. ती लवकर वाजली तर कारागिरांचे नुकसान, उशिरा वाजली तर मालकांचे. फ्लँडर्समधील अनेक तंट्यांत घंटेवर ताबा मिळविणे हे बंडखोरांचे पहिले काम असे, आणि बंड मोडल्यावर नगराची घंटा काढून घेणे ही सत्ताधीशांची आवडती शिक्षा. घंटा नसलेले नगर म्हणजे स्वतःचा आवाज नसलेले नगर, असे उभय पक्ष मानीत.

राजपुत्राला कैद करणारे नगर

आज दिसणाऱ्या मनोऱ्याचे तीन भाग नीट ओळखता येतात. खालचे दोन चौकोनी टप्पे तेराव्या-चौदाव्या शतकांतील बांधकामाचे. त्यांच्यावरचा अष्टकोनी भाग १४८३ ते १४८७ या काळात चढविला गेला. त्यावर लाकडी शिखर होते आणि शिखरावर ड्रॅगनला पायाखाली दाबणाऱ्या संत मायकेलची मूर्ती होती.

अष्टकोन पूर्ण झाल्यावर एका वर्षातच, फेब्रुवारी १४८८ मध्ये, या नगराने पुढे पवित्र रोमन सम्राट झालेल्या हॅब्सबर्ग घराण्यातील माक्सिमिलियनला कैद केले. आपल्या अल्पवयीन मुलाच्या वतीने तो फ्लँडर्सचा कारभार पाहत होता. त्याने लादलेले कर आणि नगराच्या हक्कांवर केलेले आक्रमण यांमुळे लोक संतापले होते. मनोऱ्यासमोरच्या चौकातील 'क्रानेनबुर्ख' या घरात त्याला ठेवण्यात आले आणि त्याचा विश्वासू अधिकारी पीटर लांखाल्स याचा शिरच्छेद झाला. मे महिन्यात माक्सिमिलियनची सुटका झाली. त्याने नगराला माफ केले नाही. परदेशी व्यापाऱ्यांना त्याने अँटवर्पकडे वळण्यास उत्तेजन दिले.

दुसरीकडे झ्विनची खाडी गाळाने भरत चालली होती. मोठी जहाजे येईनाशी झाली. सोळाव्या शतकात व्यापार अँटवर्पला गेला आणि ब्रूज हळूहळू मागे पडले. १४९३ मध्ये वीज पडून शिखर आणि घंटा नष्ट झाल्या होत्या. ते शिखर पुन्हा बांधले गेले, पण १७४१ च्या आगीत तेही गेले. यावेळी मात्र त्याची पुन्हा उभारणी झाली नाही. १८२२ मध्ये माथ्यावर दगडी नक्षीचा कठडा बसविण्यात आला आणि मनोऱ्याला आजचे सपाट रूप आले. पाहणाऱ्याला मनोरा वरून कापल्यासारखा वाटतो, त्याचे कारण हे.

या घसरणीचा एक अनपेक्षित लाभ झाला. जुनी घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसा नगराकडे उरला नाही. त्यामुळे मध्ययुगीन रस्ते आणि कालवे जसेच्या तसे राहिले. १८९२ मध्ये जॉर्ज रोदेनबाख या लेखकाने आपल्या कादंबरीला 'मृत ब्रूज' असे नाव दिले आणि त्या नावानेच पर्यटकांची रीघ लागली. १८९७ मध्ये त्याने येथील घंटावादकावर दुसरी कादंबरी लिहिली.

४७ घंटांचे वाद्य

खजिन्याच्या बरेच वर घड्याळाची खोली आहे. तेथे तांब्याचा एक अजस्र पिंप आडवा बसविलेला दिसतो. आंतोन द होंट याने १७४८ मध्ये तयार केलेल्या या पिंपावर तीस हजारांहून अधिक चौकोनी छिद्रे आहेत. ज्या सुरावटी वाजवायच्या, त्यांनुसार या छिद्रांत खुंट्या बसवितात. घड्याळ दर पाव तासाला पिंपाची कळ सोडते, पिंप फिरू लागतो, खुंट्या तरफा उचलतात, तरफा तारा ओढतात आणि वरच्या घंटांवर हातोडे पडतात. सुरावट बदलायची असेल तर खुंट्या काढून नव्या जागी बसवाव्या लागतात. जुन्या पेटीवजा वाद्यांत असते तीच ही युक्ती, आकार मात्र खोलीएवढा.

घंटा हाताने वाजविण्याची सोय त्याहून वर आहे. या वाद्याला 'कॅरिलॉन' म्हणतात. सोळाव्या शतकात ते येथे आले. १६०४ पासून रविवारी, सणावारी आणि बाजाराच्या दिवशी वाजविण्यासाठी पगारी वादक नेमल्याची नोंद नगराच्या हिशेबात आहे. वादक एका बाकावर बसतो. समोर लाकडी दांड्यांच्या दोन रांगा आणि पायाशी पावड्या असतात. बोटांनी हे वाद्य वाजत नाही. अर्धवट मिटलेल्या मुठीने दांड्या खाली दाबाव्या लागतात. दांडीला जोडलेली तार घंटेच्या आतील लोलक ओढते. घंटा स्वतः हलत नाही, केवळ लोलक तिच्यावर आदळतो. दांडी किती जोराने दाबली यावर नाद हळू की मोठा हे ठरते.

घंटा सुरात असणे ही सोपी गोष्ट नाही. ओतीव घंटेतून एकाच वेळी अनेक स्वर निघतात आणि ते परस्परांशी जुळले नाहीत तर सुरावट बेसूर होते. घंटेच्या आतील धातू योग्य जागी खरडून हे स्वर जुळविण्याची कला सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये हेमोनी बंधूंनी सिद्ध केली. १७४१ च्या आगीनंतर ब्रूजसाठी योरिस द्यूमेरी याने नव्या घंटा ओतल्या. त्यांपैकी २६ आजही वापरात आहेत. एकूण ४७ घंटांचे वजन सुमारे साडेसत्तावीस टन आहे. सर्वांत लहान घंटा किलोभराची, तर सर्वांत मोठीचे वजन पाच टनांच्या घरात. नगराने पगारी वादक नेमण्याची परंपरा आजही चालू आहे आणि त्याचे वादन खालच्या चौकात कोणालाही विनामूल्य ऐकता येते.

चढण्यापूर्वी

ब्रसेल्सहून रेल्वेने ब्रूजला सुमारे एका तासात पोहोचता येते. स्थानकापासून मार्क्ट चौकापर्यंत पायी वीस-पंचवीस मिनिटे लागतात. मनोऱ्यात एका वेळी ठरावीक संख्येनेच लोकांना सोडतात, त्यामुळे वेळ निश्चित करून तिकीट आधी घेतलेले बरे. उद्वाहन नाही. जिना चक्राकार असून वर जाताना अरुंद होत जातो. चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्याने येतात-जातात, त्यामुळे मध्ये थांबून वाट द्यावी लागते. पायऱ्या आतल्या बाजूला निमुळत्या आहेत आणि काही ठिकाणी आधाराला जाड दोर आहे. हृदयविकार, गुडघेदुखी किंवा बंद जागेची भीती असणाऱ्यांनी खालच्या चौकात बसून घंटा ऐकणे श्रेयस्कर. मनोरा पूर्वेकडे ८७ सेंटीमीटर कलला आहे. चढताना ते जाणवत नाही, दुरून निरखून पाहणाऱ्यालाच कळते.

माथ्यावरून निरभ्र दिवशी उत्तरेला समुद्राची रेषा दिसते. ज्या पाण्याने हे नगर श्रीमंत केले आणि मागे सरून गरीब केले, ते तेवढ्या अंतरावर आहे. जवळच आवर लेडी चर्चचा ११५ मीटरहून उंच मनोरा दिसतो. उंचीत तो बेलफोर्टच्या पुढे आहे. परंतु मार्क्ट चौकातून, म्हणजे जेथे लोक जमत तेथून, नजरेत भरतो तो बेलफोर्टच.

युनेस्कोने १९९९ मध्ये फ्लँडर्स आणि वालोनिया भागांतील अशा मनोऱ्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. २००५ मध्ये उत्तर फ्रान्समधील मनोरे समाविष्ट होऊन त्यांची संख्या ५६ झाली. ब्रूजचे जुने नगरकेंद्र २००० पासून स्वतंत्रपणे या यादीत आहे. मनोऱ्यांना हा मान मिळाला तो केवळ बांधकामाच्या सौंदर्यासाठी नव्हे. सामान्य नगरवासीयांनी सत्ताधीशांकडून हक्क मिळविले, ते लिहून घेतले आणि जपले, याची ती साक्ष आहे. ब्रूजच्या खजिन्यातील पेट्या आज रिकाम्या असल्या तरी त्या खोलीपाशी थोडे थांबावे. हक्क मिळविणे जितके अवघड, तितकेच ते सांभाळणे अवघड असते. १२८० च्या आगीत हे ब्रूजने अनुभवले आणि पुढील पिढ्यांनी त्या खोलीला लोखंडी दारे बसविली.